पठ्ठे बापूराव : वारसा कोणाचा?

सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष असो की जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी तमाशाचा फड उभा राहिला की ढोलकीवर थाप पडते, कडे आणि तुणतुणे साथीला येतात आणि प्रथम गण गाइला जातो. त्यामागून गौळण, बतावणी, लावणी आणि अखेरीस वग, असा हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. गण कोणी रचला हे ऐकणारा विचारीत नाही आणि गाणाराही सांगत नाही. परंतु शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याची नाममुद्रा येते आणि ती पुष्कळदा पठ्ठे बापूरावांची असते. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात विपन्नावस्थेत या शाहिराने देह ठेवला, त्याला आता आठ दशके लोटली आहेत.

बापूरावांचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. त्यांचे चरित्र मात्र आजवर दोनच तऱ्हांनी सांगितले गेले. त्यांच्या हयातीत ते एका कुलीन मुलाच्या अधःपाताची कथा म्हणून कुजबुजले गेले, आणि त्यांच्या निधनानंतर तेच चरित्र कलेसाठी केलेल्या अलौकिक त्यागाची गाथा म्हणून गौरवाने मांडले गेले. निंदा आणि स्तुती यांत अंतर मोठे दिसते. वास्तविक दोन्ही कथांची मोजपट्टी एकच आहे. बापूरावांनी काय सोडले, यावरून दोघीही त्यांचे मोल ठरवितात. ते कोठे गेले, तेथे त्यांना काय मिळाले आणि ते कोणाकडून मिळाले, हा प्रश्न दोन्ही कथांत बाजूला पडतो. त्यांच्या वारशाचा विचार करावयाचा तर आरंभ याच प्रश्नापासून केला पाहिजे.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी एका ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते. कुलकर्णी हा गावच्या जमाबंदीचा लेखनिक. शेतसाऱ्याचे आकडे, जमिनीच्या नोंदी आणि गावचे सारे दप्तर त्याच्या हाती असे. त्यामुळे लिहिणेवाचणे ही त्या घरातील वारसाहक्काची गोष्ट होती. श्रीधरचे मराठी शिक्षण झाले आणि इंग्रजीच्याही चारपाच इयत्ता झाल्या. त्या काळच्या खेड्यात एवढ्या शिक्षणावर वतन सांभाळून प्रतिष्ठेचे आयुष्य काढता आले असते.

मुलाचे कान मात्र दप्तरापेक्षा गाण्याकडे लागलेले होते. पहाटे जात्यावर बायका ओव्या म्हणत. त्या ऐकून तो उतरून घेई आणि त्यांत आपल्या ओव्यांची भर घालून त्या बायकांनाच परत देई, असे त्याच्या बालपणाविषयी सांगितले जाते. या एका तपशिलात पुढच्या आयुष्याची दिशा दिसते. लोकांच्या तोंडचे घ्यावे, त्यात आपले मिसळावे आणि पुन्हा लोकांच्याच तोंडी सोपवावे, हा त्यांचा शिरस्ता अखेरपर्यंत राहिला. ओवीकडून त्यांचे मन तमाशाकडे वळले. गावातला तमाशा हा गावकुसाबाहेरच्या वस्तीचा होता, आणि कुलकर्ण्याच्या मुलाने तेथे जाऊन बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

तो तमाशा कोणत्या अवस्थेत होता, हेही पाहिले पाहिजे. पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर अशा शाहिरांनी लावणी व पोवाड्याला वैभव आणले. रामजोशी आणि अनंत फंदी हे ब्राह्मणच होते, तेव्हा त्या जातीतून या वाटेने जाणारे बापूराव पहिले नव्हेत. परंतु त्या शाहिरांच्या काळी दरबार होता आणि बिदागी देणारे सरदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आश्रय संपला. त्यानंतर ही कला जिवंत ठेवली ती खेड्यापाड्यांतील महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी. यात्राजत्रांच्या आणि सुगीच्या आधारावर त्यांनी फड उभे केले. एवढेच नव्हे, तर तमाशाला नवा अवयवही त्यांनीच दिला. सावळजचे शाहीर उमाजी हे मांग समाजातले. १८६५ च्या सुमारास त्यांनी रचलेला मोहना-बटाव हा आद्य वग मानला जातो, आणि कवलापूरच्या कलावंतांनी तो रंगभूमीवर आणला. गाण्याबजावण्याच्या बैठकीला यामुळे कथा आणि संवाद मिळाले. बापूरावांच्या जन्माच्या सुमारास, त्यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या टापूत, हे घडून चुकले होते. ज्या घरात ते पुढे राहावयास गेले, ते घर अगोदरच इतरांनी बांधून ठेवलेले होते.

अशा फडात शिरलेल्या श्रीधर कुलकर्ण्याला बापूराव होण्यासाठी पुष्कळ शिकावे लागले असणार. लावणी कागदावर जुळली म्हणजे फडात उभी राहते असे नाही. ढोलकीची चाल कोठे तुटते, झीलकऱ्याला श्वास कोठे घ्यावयाचा, अक्षर कोठे लांबवावयाचे आणि कोठे आपटावयाचे, सोंगाड्याला मध्येच उडी घेण्यास जागा कोठे ठेवावयाची, या गोष्टी कोणत्याही पोथीत लिहिलेल्या नसतात. शिवाय समोरचा प्रेक्षक दिवसभर राबून आलेला असे. रचना सैल पडली तर तो उठून जाई. सवाल-जवाबात प्रतिस्पर्धी फडाच्या शाहिराला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागे आणि भेदिक रचनांत पुराणे व अध्यात्म यांची कोडी घालावी व उकलावी लागत. बापूरावांजवळ घरातून आलेले पुराणांचे आणि अक्षरांचे भांडवल होते. परंतु ते भांडवल ढोलकीवर चालते करण्याची विद्या त्यांना फडातच मिळाली. गण, गौळण, लावणी, कटाव, पोवाडा आणि वग अशा सर्व प्रकारांत त्यांनी रचना केली आणि शृंगारिक लावणीइतकाच आध्यात्मिक गणातही अधिकार दाखविला, तो या दुहेरी शिक्षणाच्या बळावर.

आपल्या लावण्यांची संख्या ते दोन लाख सांगत. या आकड्याचा हिशेब केला तर पन्नास वर्षे खंड न पडता रोज अकरा रचना कराव्या लागतील. तेव्हा हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. तो शाहिरी अभिमानाचा आकडा आहे. तरीही त्यामागे एक वस्तुस्थिती आहे. फडासाठी रचणाऱ्याला रोज नवे द्यावे लागते. कालची लावणी आज शेजारच्या फडाने उचललेली असते, आणि तिचा मोबदला रचणाऱ्याला मिळत नाही. नाममुद्रा हाच त्याचा एकमेव मालकी हक्क. त्यातही गाणारा मुद्रा बदलू शकतो. बापूरावांच्या नावावर आज जे गाइले जाते त्यातले त्यांचे किती, आणि त्यांचे असूनही दुसऱ्याच्या नावाने फिरणारे किती, याचा निवाडा म्हणूनच अवघड आहे.

बापूरावांच्या कीर्तीचा खरा काळ सुरू झाला तो पवळा त्यांच्या फडात आल्यानंतर. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा या गावची, महार समाजात जन्मलेली ही कलावतीण. तोवर तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. फडाच्या रंगमंचावर स्वतः उभी राहून नाव मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत पवळेची गणना होते. तिचे रूप, तिचा आवाज आणि तिची अदा यांची ख्याती सर्वदूर पसरली. बापूरावांची लेखणी आणि पवळेचा गळा ही जोडी मुंबईत आली, तेव्हा गिरण्यांच्या भोवती एक नवे शहर वसलेले होते. सातारा, सांगली, कोकण आणि घाटावरून आलेला कामगार तेथे दाटीवाटीने राहत होता. गावची यात्रा मागे राहिलेल्या या माणसाला तिकीट काढून पाहावयाचा तमाशा हवासा वाटला. मुंबईच्या थिएटरांत बापूरावांचा फड गाजू लागला. मिठाराणीचा वग त्यांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढेही सादर केला. वैभव, मानमरातब आणि पैसा हे सारे या काळात त्यांच्या वाट्याला आले.

या वैभवाची किंमतही त्यांना मोजावी लागली. तमाशात जाणे आणि त्यातही महार समाजातील स्त्रीबरोबर राहणे स्वजातीयांना मानवले नाही. त्यांनी बापूरावांवर बहिष्कार टाकला. बापूराव परतले नाहीत. पुढे पवळेची आणि त्यांची ताटातूट झाली आणि फडाचे दिवसही फिरले. १९३२ नंतर मराठी बोलपट आला आणि शहरातील प्रेक्षकाला करमणुकीचे दुसरे, स्वस्त साधन मिळाले. मिळविलेला पैसा टिकला नाही. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हा शाहीर गेला तेव्हा त्याच्याजवळ लावण्यांखेरीज काही उरलेले नव्हते.

बापूरावांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जातीची भिंत ओलांडणे त्या काळी भाषणात सोपे आणि जगण्यात महाकठीण होते. त्यांनी ते आयुष्यभर निभावले. परंतु त्यागाची गाथा सांगताना एक साधी गोष्ट विसरली जाते. त्याग करावयाचा तर प्रथम जवळ काही असावे लागते. बापूरावांपाशी कुलकर्णीपण होते, म्हणून ते सोडता आले. पवळेला असे काय सोडता येणार होते? गावगाड्यात महारांनाही वतन होते, पण ते राबविणारे वतन होते. सरकारी वा गावकीचे कोणतेही काम पडो, वेळीअवेळी हजर राहावयाचे आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप. त्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. बापूरावांचे तमाशात जाणे ही निवड होती. पवळेच्या आणि फडातील इतर कलावंतांच्या बाबतीत निवडीला जागा फार थोडी होती. दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले, पण तेथपर्यंत आले ते निरनिराळ्या वाटांनी.

हा भेद त्याच काळात एकाने नेमका ओळखला होता. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि डॉ. आंबेडकरांनी ते स्वीकारले नाही, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, अशी त्यामागची भूमिका होती. बापूरावांचा हेतू उदार होता यात संशय नाही. तरीही देणगी नाकारणाऱ्याची दृष्टी दूरची होती. एका माणसाने जात ओलांडली म्हणून जातीने लादलेला धंदा सन्मानाचा होत नाही, हे त्या नकाराचे मर्म होय. अलीकडे इतिहास संशोधक शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनाचा सविस्तर शोध घेतला. त्यात बापूराव आणि पवळा यांचीही नव्याने चर्चा केली आहे. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिपचा सन्मान लाभला. जो प्रश्न आपल्याकडे गौरवग्रंथांच्या पानांत बुजून गेला, तो आता जगाच्या विद्यापीठांत विचारला जात आहे.

यावर कोणी म्हणेल की असा हिशेब मांडल्याने बापूराव लहान होतात. उलट त्यामुळेच त्यांची खरी उंची दिसते. त्यागाचीच कथा धरून बसले तर बापूरावांचे मोठेपण त्यांनी सोडलेल्या वतनावर अवलंबून राहते. ती कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यात रद्द झाली, आणि महार वतनांसह गावची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. ज्या गोष्टीवरून एकाला उच्च आणि दुसऱ्याला नीच ठरविले जात होते, ती कायद्याच्या पुस्तकातून पुसली गेली. बापूरावांनी सोडलेल्या वतनाला आज दप्तरातही किंमत नाही. त्यांनी फडात जे कमावले ते मात्र आजही यात्रेत गाइले जाते. तेव्हा त्यांची गणना वतन टाकून आलेल्या कुलकर्ण्यांत करण्यापेक्षा उमाजी सावळजकरांच्या परंपरेतील शाहिरांत करणे अधिक न्याय्य ठरेल. तेथे ते पाहुणे राहिले नाहीत. ते त्या परंपरेचे वारस झाले आणि त्यांनी तिला वाढवून पुढे दिले.

पुढच्यांनी ती कशी घेतली, हेही पाहण्यासारखे आहे. १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी कलापथकातून तमाशाचा हाच साचा कामगारांच्या लढ्याला जुंपला. अण्णाभाऊंनी गणाची जागा कायम ठेवली आणि त्यातील वंदन मातृभूमीला व श्रमिकांना केले. पुढे वसंत सबनिसांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्याने मध्यमवर्गालाही वग आणि बतावणीची गोडी लावली. चित्रपटांनी तर तमाशावर आपली घरे भरली. १९५० साली बापूरावांच्या चरित्रावर बोलपट निघाला, १९५९ मध्ये सांगत्ये ऐका आला आणि १९७२ मध्ये पिंजरा. पिंजरामध्ये तमाशाच्या नादाने एका आदर्श शिक्षकाचा नाश होतो. म्हणजे बापूरावांच्या निधनानंतर पाव शतक उलटले तरी सुशिक्षित समाजाच्या मनातील जुनी अधःपाताची कथा तशीच होती. प्रेक्षक लावण्यांवर टाळ्या वाजवीत होता आणि लावणी म्हणणारीला विनाशाचे कारण मानीत होता.

शासनाची दृष्टीही अशीच दुभंगलेली राहिली. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. ती उठली, पण संहिता तपासून घेण्याचे बंधन मागे राहिले. पुढे सरकारनेच तमाशा महोत्सव आणि पुरस्कार सुरू केले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावे आज जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. त्या विठाबाईंची अखेरची वर्षेही बापूरावांप्रमाणे हलाखीतच गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. सत्तावन्न वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या कलावंतांचा शेवट एकाच तऱ्हेने व्हावा, हा योगायोग म्हणता येणार नाही. आपल्याकडे कलेला लोकाश्रय मिळतो. कलावंताच्या म्हातारपणाची तजवीज मात्र कोणीच करीत नाही.

तेव्हा बापूरावांचे स्मारक कोणते करावे? पुतळे आणि सभागृहे होतील, त्यांना कोणाची हरकत नाही. परंतु लेखणीशी संबंध असलेल्या वर्गाला याहून जवळचे काम आहे. लोकगायकांचे धन बाडांत आणि तोंडात असते. बाडे वाळवी खाते आणि तोंडे एकेक करून मिटत जातात. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई या गावाने देवीचे नाव आपल्या नावातच वागविले आहे. रेणुकेच्या गोंधळात संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने रात्र जागविणारा गोंधळी आणि तमाशातला शाहीर हे एकाच गोतावळ्यातले. गणापासून आख्यानापर्यंत चढत जाणारी रात्रीची मांडणी दोघांना ठाऊक आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मुंबईच्या थिएटरांपासून फार लांब होता. तरी गाण्याला सरहद्द अडवीत नसते. अशा गावांतून आज कोण काय गातो, ते त्याने कोणाकडून घेतले आणि रचणाराची मुद्रा कोणाची, हे लिहून ठेवणे शाळेच्या शिक्षकाला आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला अवघड नाही. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एक वही पुरते, आणि आता तर ध्वनिमुद्रणाचे यंत्रही बहुतेकांच्या खिशात असते.

मात्र त्या वहीत एक दंडक पाळला जावा. रचणाऱ्याच्या नावाबरोबर गाणारीचे, ढोलकीवाल्याचे आणि झीलकऱ्याचेही नाव लिहिले जावे. त्यांची संमती घेतली जावी आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखविले जावे. जात्यावरच्या ओव्या उतरून घेणाऱ्या कुलकर्ण्याच्या मुलाने त्या ओव्यांचे ऋण आपल्या रचनेने फेडले. पण त्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पवळेचे नाव राहिले तेही बहुधा बापूरावांच्या नावामागून येते. पुढच्या वेळी फडात नाममुद्रेचे कडवे कानी पडेल, तेव्हा ते गाणारीचे नावही विचारून घ्यावे.